शेवाळ कोण मारतं?

टाकीतल्या ॲनुबियास या पाणवनस्पतीच्या पानाच्या कडेला काळा झुपका धरतो. ओढला तर सुटत नाही, ब्रशने घासला तर पानच फाटतं. प्लांटेड टँकवाले, म्हणजे काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवणारे, त्याला 'बीबीए' (ब्लॅक बियर्ड अल्गी) म्हणतात. रंगाने काळं, पण कुळाने हे लाल शेवाळ. त्यावर 3 टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडले की मरता मरता ते गुलाबी होतं आणि टँकवाल्याच्या चेहऱ्यावर सूड उगवल्याचं समाधान दिसतं. या समाधानाचा हिशोब कुणी मांडला असेल, तर तो जैनांनी.

शांतिसूरींच्या 'जीवविचार प्रकरणा'त शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात आहे. म्हणजे एका शरीरात अनंत जीव: त्यांचा जन्म एकदम, श्वास एकत्र, मरणही एकत्रच. मराठी वाचकाला शेवाळ आठवतं ते वेगळ्याच प्रकारे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेसाठी बाबुळीचा, म्हणजे शेवाळाचा, दृष्टांत येतो. ती पाण्यातच उपजते आणि पाण्यालाच झाकते. वेदान्त्याला हे आवरण दूर झालेलं हवं असतं, आणि आवरणाचं सुतक कोणी पाळत नाही. जैन मुनी त्या आवरणातच जीव पाहतो, म्हणून पावसाळ्यात हिरव्या झालेल्या वाटेवर पाय टाकायला कचरतो.

मग हात न लावता शेवाळ घालवता येईल का? जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (1954–2015) यांनी 1980च्या दशकात त्यासाठी कोळंबी टाकीत सोडली. 'कॅरिडिना मल्टिडेंटाटा' ही ती जात आज जगभर 'अमानो श्रिम्प' म्हणून विकली जाते. दिवसभर चरत राहते. तंतूसारखं मऊ शेवाळ तिला आवडतं, जून झालेल्या बीबीएला ती सहसा तोंड लावत नाही. मालकाचे हात मात्र कोरडे राहतात. पण जैन आचारात कर्माचे तीन दरवाजे आहेत: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं. विकत आणून सोडलेली कोळंबी सरळ दुसऱ्या दरवाजातून आत येते. तीन-चार दिवस टाकी काळ्या कापडाने झाकून शेवाळाला उपाशी मारणं तर पहिल्याच दरवाजातलं. अंधार केला म्हणून कर्ता लपत नाही.

या हिशोबाला खरी धार येते ती उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'मुळे. तिथे हिंसेच्या व्याख्येत नुसता प्राणघात नाही, तो प्रमादातून घडलेला असावा लागतो. प्रमादात गाफीलपणा येतो, तसे राग-लोभासारखे कषायही येतात, म्हणजे ते गुलाबी समाधानसुद्धा. आणि टाकीतलं शेवाळ हे बहुतेक वेळा गाफीलपणाचंच पीक असतं. झाडांना सहा ते आठ तास प्रकाश पुरतो. पण संध्याकाळी माणसं घरी असतात, टाकी छान दिसते, म्हणून दिवा दहा-बारा तास जळतो. मासे काचेशी येऊन तोंड उघडतात, दया येते, आणखी एक चिमूट खाद्य पडतं. न खाल्लेलं कुजून त्याचं नायट्रेट आणि फॉस्फेट होतं. झाडांसाठी लावलेला सीओटूचा सिलिंडर संपत आलेला असतो, बुडबुड्यांचा वेग रोज बदलतो, आणि अशा चढउतारातच बीबीए फोफावतं, हा अनुभवी टँकवाल्यांचा सार्वत्रिक अनुभव. तेव्हा पेरॉक्साइडच्या थेंबाने जे मरतं, त्याच्या मरणाची तयारी महिनाभर आधी सुरू झालेली असते, दयेने टाकलेल्या चिमटीपासून. तीनशे-चारशे रुपयांचा टायमर लावला असता तर यातलं पुष्कळसं जन्मालाच आलं नसतं.

कडक श्रावक, म्हणजे व्रतं पाळणारा जैन गृहस्थ, इथे हसेल. त्याच्या अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, पहिला 'बंध', जीवाला बांधून किंवा कोंडून ठेवणं. मासे काचेत कोंडल्यावर शेवाळाची काळजी कसली? या आक्षेपाला टँकवाल्याकडे उत्तर नाही, आणि तो ते शोधतही नाही.

नव्या टाकीतल्या तपकिरी थराने मात्र ही सगळी मांडणी अडखळते. हे डायटम, तेही एक प्रकारचं शेवाळच. प्रकाश नेमका ठेवला, खाद्य मोजून दिलं, तरी काचेवर येतातच, आणि काही आठवड्यांत झाडं रुजली की बहुधा आपोआप ओसरतात. इथे गाफीलपणा कुणाचाच नाही. टँकवाल्याला धीर असेल तर तो फक्त वाट पाहतो. नसेल तर स्पंज घेतो. आणि पुसलेली काच पाहून जो पाहुणा 'वा!' म्हणतो, तो अनुमोदितात धरायचा की नाही, हे एखाद्या मुनींनाच विचारावं लागेल.