वाट पाहण्याचा भाव

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बायका आपल्या माणसाच्या रेजिमेंटचं चिमुकलं बोधचिन्ह छातीवर लावायच्या. तेच स्वीटहार्ट ब्रोच. मागे जहाजाच्या नांगराचा छाप असेल, तर चांदी बर्मिंगहॅमला पारखलेली. ‘रॉयल फ्लाइंग कोअर’चे पंख दुर्मीळ, म्हणून महाग, १९१८च्या एप्रिलमध्ये ते दल रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झालं. तोफखान्याची पितळी तोफ स्वस्त, कारण तोफखान्यात माणसंच लाखोंनी होती. इथवर मला पटतं.

पण मागे नाव कोरलेलं असलं आणि तो माणूस परतलाच नाही असे कागद सोबत असले, की भाव चढतो. मग गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न: ‘हा गेला का?’ परतलेल्याच्या बायकोनेही तारवाल्याची सायकल दाराशी थांबते की काय, म्हणून श्वास रोखलाच असेल ना? तिचा ब्रोच मात्र स्वस्तात.