‘ठाऊक नाही’ म्हणणारं इंजिन

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरे-वारेला डोंगरावर चढतो, आणि खाली समुद्र दिसतो. वरून तो शांतच वाटतो. पर्यटक गाडी थांबवून शहाळीवाल्या काकांना विचारतात, "पोहायला चालेल ना?" काका म्हणतात, "आज पाण्याचा अंदाज येत नाही. उतरू नका." काहीजण हिरमुसून शहाळं न घेताच निघतात.

गेल्या पावसाळ्यात मी इथल्या घरूनच काम करत होतो. आम्ही ग्राफिकल डीबगर बनवत होतो: चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं साधन. त्याचं इंजिन आमचं नव्हतं. ते होतं जीडीबी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली सुरू केलेलं. आमचं ॲप्लिकेशन जीडीबीला पडद्यामागे वेगळी प्रोसेस म्हणून चालवायचं, त्याच्या ‘मशीन इंटरफेस’मधून आज्ञा पाठवायचं आणि मजकुरात आलेली उत्तरं सुबक तक्त्यात मांडायचं. थोडक्यात, आम्ही दुभाषे होतो.

त्यातलं एक उत्तर मला सलायचं: ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’. वेगासाठी कंपायलर कोडची फेरमांडणी करतो. एखादी किंमत रजिस्टरमध्ये असते, तिची गरज संपली की त्याच जागी दुसरं काहीतरी येतं. मग ती किंमत कुठेच उरलेली नसते, आणि जीडीबी तसं सरळ सांगतो. तक्त्यात ते बेंगरूळ दिसायचं, म्हणून मी तिथे शेवटची माहीत असलेली किंमत दाखवली. डेमो झकास झाला.

पुढे एका सहकारिणीने त्या आकड्यावर विसंबून दोन दिवस भलत्याच फंक्शनमध्ये घालवले. "आकडा समोर दिसत होता रे," एवढंच ती म्हणाली.

मी खोटं बोललो होतो का? आकडा क्षणापूर्वीपर्यंत खराच होता. शिवाय सोपं करून दाखवणं हेच तर खिडकीचं काम. मेमरीतले पत्ते, इंजिनचा कच्चा मजकूर, असं कितीतरी आम्ही झाकतो आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. बराच विचार केल्यावर मला फरक दिसला तो असा: झाकलेला तपशील हवा असेल तर माणूस मागू शकतो, झाकलेली शंका मागायचं त्याला सुचतच नाही. इंजिनचं ज्ञान मी उसनं घेतलं होतं, पण त्याचं अज्ञान घ्यायला तयार नव्हतो. आणि दोन्हींची जबाबदारी माझ्यावर होती, कारण समोरच्याला जीडीबी दिसत नव्हता, माझा तक्ता दिसत होता.

आता त्या चौकटीत ‘किंमत उपलब्ध नाही’ असं येतं. एका वापरकर्त्याने कळवलं, "जुनी आवृत्ती बरी होती, सगळे आकडे दिसायचे."

काकांना हे सांगितलं. शहाळं सोलता सोलता ते म्हणाले, "गाडीवाले पण असंच म्हणतात."