लहान की थोर?

घरात कुत्रा आणायचे ठरले की खरा वाद कुत्र्यावरून होत नाही, त्याच्या आकारावरून होतो. मुलाला अल्सेशियन हवा असतो. चार मित्रांत ऐट मिरवता येते. आईला वाटते, आणायचाच तर पोमेरेनियन आणावा. कोपऱ्यात मावेल, चार घासांत भागेल. आजोबा वर्तमानपत्रातून डोके न काढता विचारतात, "पण रोज पहाटे त्याला फिरवायला कोण नेणार?" तिघांपैकी आजोबांचाच प्रश्न नीतीचा आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

धनगराला हा पेच कधी पडला नाही. मेंढरांवर लांडगा येतो, म्हणून त्याचा कुत्रा लांडग्याला भिडणारा असावा लागतो. मुधोळकडचा शिकारी कुत्रा लांब पायांचा आणि सडपातळ, कारण त्याला सशामागे धावायचे असे. जर्मनांचा डाक्सहुंड आखूड पायांचा, कारण त्याला जनावराच्या बिळात शिरायचे असे. तिथे माप कामाने ठरविले. आपल्याजवळ काम उरले नाही, हौस उरली. आणि हौसेने ठरविलेल्या मापाचा जाब कुणीतरी द्यावाच लागतो.

सृष्टीचा सर्वसाधारण रिवाज असा, की देह मोठा तसे आयुष्यही मोठे. हत्ती साठ वर्षे जगतो, उंदीर दोनेक वर्षांत आटोपतो. कुत्र्यांच्या जातींत मात्र हे गणित उलटे आहे. ५०-६० किलोंचा ग्रेट डेन साधारण ७ ते १० वर्षे जगतो, तर दोन-तीन किलोंचा पोमेरेनियन १२ ते १५. मोठा कुत्रा झपाट्याने वाढतो आणि तितक्याच झपाट्याने म्हातारा होतो. पहिलीतल्या मुलासाठी आणलेला ग्रेट डेन बहुधा मुलाच्या दहावीच्या आत निरोप घेतो. मुलाला जन्माचा सोबती देतो आहोत असे आपण समजतो. वस्तुतः मृत्यूची पहिली ओळखही आपण त्याला करून देत असतो.

मग लहानच बरा? परंतु लहानांची दुःखे लहान नसतात. त्या डाक्सहुंडाची लांब पाठ पुढे त्याला दगा देते. २००३ साली एका जाहिरातीत मुलाच्या मागोमाग धावणारा पग दिसला आणि घरोघर पग आले. तो घोरतो, धापा टाकतो, आणि आपण म्हणतो, "किती गोड!" त्या बिचाऱ्याला श्वास पुरत नसतो. आपल्या डोळ्यांना गोजिरे दिसावे म्हणून माणसाने पिढ्यान् पिढ्या त्याचे नाक आत आत नेले. आपल्या उन्हाळ्यात तर त्याची तडफड पाहवत नाही. इथे आवडीनिवडीचा प्रश्न संपतो आणि अपराधाचा सुरू होतो.

शाळामास्तराला आपले विद्यार्थी निवडता येत नाहीत. पटावर येतील ती मुले आपली. आईबापांनाही मूल निवडता येत नाही. कुत्रा मात्र आपण पाहून, पारखून, अनेकदा पैसे मोजून निवडतो. जिथे निवड इतकी मोकळी, तिथे जबाबदारी अधिक जड. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो, पण इथे अंथरूण आपले असते आणि पाय दुसऱ्याचे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दिवसभर साखळीला बांधलेला अल्सेशियन म्हणजे आपल्या ऐटीसाठी दुसऱ्याने भोगलेली कैद. तेव्हा "मला कोणता शोभेल?" हे आधी विचारू नये. "माझ्याजवळ किती जागा, किती वेळ, किती पैसा आणि किती वर्षांची चिकाटी आहे?" हे विचारावे. उत्तर प्रामाणिक असेल, तर कुत्र्याचे माप आपोआप ठरते. कधी कधी ते गल्लीतल्या गावठी पिल्लापाशी येऊन थांबते. त्याला आपल्या हवेची सवय असते, आणि घराची गरजही सर्वांत जास्त त्यालाच असते.

महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचे नाकारले. तो कुत्रा केवढा होता, हे आपण कधी विचारले नाही. तो शेवटपर्यंत बरोबर आला, एवढे पुरे झाले.

नेपाळात दिवाळीच्याच दिवसांत तिहार साजरा होतो, आणि त्यातला एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्या दिवशी कुत्र्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. घरच्याला, तसे रस्त्यावरच्यालाही. माळ तेवढी लहानमोठी करावी लागते. मान मात्र सर्वांना सारखाच.