चालत्या गाडीचें चाक

माझे एक स्नेही एका सार्वजनिक ग्रंथालयाचा सर्व्हर सांभाळतात. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या हांकेस अहोरात्र ओ देणारा संगणक. ग्रंथांची सूची, सभासदांची वर्गणी, कोणतें पुस्तक कोणाकडे गेलें आहे याची नोंद, सारें त्याच्या पोटांत. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधारावर हा संसार चालत होता, ती डेबियन १० ही होती. ती २०१९ सालीं निघाली. तिच्यांतील सुरक्षिततेच्या उणिवा बुजविण्याचें डेबियनच्या मंडळींचें काम ३० जून २०२४ रोजीं थांबलें. तरीही आमच्या स्नेह्यांनीं तिला हात लावला नव्हता. कारण विचारलें तेव्हां ते म्हणाले, "चाललं आहे ना? मग चालत्या गाडीचं चाक कशाला काढायचं?"

या उत्तरानें मी प्रथम निरुत्तर झालों. आपला सर्वांचाच संसार बहुधा याच तत्त्वावर चालत असतो. परंतु मागाहून विचार करूं लागलों, तेव्हां यांत एक जुनाच नीतिप्रश्न दडलेला आहे असें दिसून आलें. कांहीं केल्यामुळें होणारें नुकसान आणि कांहीं न केल्यामुळें होणारें नुकसान, या दोहोंत दोषाच्या दृष्टीनें अंतर आहे काय?

व्यवहारांत आपण तें मानतों. विहिरींत ढकलणारा अपराधी आणि कांठावर उभा राहणारा नुसता बघ्या, असा आपला निवाडा असतो. परंतु तोच मनुष्य विहिरीवर नेमलेला पहारेकरी असेल तर? मग "मीं कांहींच केलें नाहीं" हे शब्द त्याचा बचाव न राहतां कबुलीजबाब ठरतात. ज्यानें राखण पत्करली, त्याला बघ्याची निर्दोषता मागतां येत नाहीं.

१२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा घातकी प्रोग्रॅम जगभर पसरला. विंडोजमधील ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, दिलेली होती. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंत अनेक ठिकाणीं ती लावलेली नव्हती. तेथें १९,००० हून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्या, असा अंदाज राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालांत नमूद आहे. त्या रुग्णांपैकीं बहुतेकांना सर्व्हर म्हणजे काय हेंही ठाऊक नसेल. दिरंगाई एकाची, भोग दुसऱ्याचा.

परंतु माझ्या स्नेह्यांची भीतीही निराधार नव्हती. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनें आपल्या प्रोग्रॅमसाठीं एक सदोष फाइल एकदमच जगभर धाडली. चूक उमगून ती दीड तासाच्या आंत मागें घेतली गेली. परंतु तिच्यामुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणकांना झळ पोंचली. विमानें खोळंबलीं, दवाखाने अडले, आणि पुष्कळ ठिकाणीं एकेका संगणकापाशीं माणसानें जाऊन ती फाइल हातानें काढून टाकावी लागली. रक्षणासाठीं केलेला बदलच येथें घातक ठरला.

म्हणजे धरलें तर चावतें, सोडलें तर पळतें, अशी ही स्थिति आहे. मला वाटतें, बदलावें कीं न बदलावें या प्रश्नापाशींच आपण थांबतों ही आपली चूक होय. खरें कर्तव्य 'कसें बदलावें' यांत आहे. जाणते लोक त्याची एक रीत पाळतात. नव्या आवृत्तीबरोबर, काय बदललें आणि कोठें अडचण येऊं शकेल याचें टिपण दिलेलें असतें. तें आधीं वाचावयाचें. पायरी गाळावयाची नाहीं; डेबियन दहावरून एकदम बारावर उडी न घेतां अकरावर थांबूनच पुढें जावयाचें. सर्व्हरची एक प्रतिकृति दुसऱ्या संगणकावर उभारून सारा प्रयोग प्रथम तिच्यावर करावयाचा. ज्यांचें काम अडणार त्यांना वेळ आधीं कळवावयाची. दुरून जोडलेला दुवा तुटलाच, तर यंत्रापर्यंत पोंचण्याची दुसरी वाट राखावयाची. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे परतीची वाट. तिलाच बॅकअप म्हणतात. मात्र ज्यावरून सर्व कांहीं पुन्हां उभें करून पाहिलें आहे, तोच बॅकअप खरा.

या साऱ्या नियमांच्या मुळाशीं एकच जाणीव आहे: मी चुकूं शकतों, आणि माझ्या चुकीची किंमत मोजणाऱ्यांनीं मला ती करण्याची अनुज्ञा दिलेली नाहीं.

पुष्कळ वादविवादानंतर आमचे स्नेही तयार झाले. बॅकअपवरून प्रतिकृति उभारूं लागले, तेव्हां त्यांना निराळेंच दिसलें. रोज रात्रीं न चुकतां बॅकअपची फाइल तयार होत होती. तींत ग्रंथांची सूची होती, परंतु सभासदांच्या देवघेवीची एकही नोंद नव्हती. तीन वर्षांपूर्वीं त्या नोंदींची जागा बदलली होती आणि बॅकअप मात्र जुन्याच जागेचा निघत होता. ही गोष्ट त्यांच्यावांचून कोणालाही कळली नसती. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपण होऊन ती चिटणिसांस सांगितली, बॅकअप नीट करून घेतला, आणि मग सुटीच्या दोन दिवशीं दोन पायऱ्यांनीं काम पुरें केलें.

नंतर ग्रंथालय उघडलें. लोक आले, पुस्तकें घेऊन गेले. कोणाच्या कांहीं लक्षांतही आलें नाहीं. त्या संध्याकाळीं ते मला म्हणाले, "गाडी चालते आहे असं मी समजत होतो. ती उतारावर होती, एवढंच."