एका थरापुरतं

हे वाचायला घाई नको. स्वयंपाकघरात पाट किंवा खुर्ची ओढून बसा, हाताशी दुसरं काम घेऊ नका. आज आपण गोव्याच्या नाताळातल्या एका गोडाजवळ बसणार आहोत, बेबिंकेजवळ. करून बघायची असेल तर कृतीही हाती लागेल. पण केली नाही तरी हरकत नाही, मनातल्या मनात एकेक थर घालत गेलात तरी पुरे.

आधी दिवस कोणते ते डोळ्यांपुढे आणा. डिसेंबरचा तिसरा आठवडा. गोव्यातली थंडी ती केवढी, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते एवढीच. पण दुपारच्या उन्हाचा त्रास सरलेला असतो. घरांसमोर कागदी तारे लागलेत, पोरं गोठ्याच्या देखाव्यासाठी गवत आणि माती गोळा करतायत. चर्चमध्ये आगमनकाळ चालू आहे. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा हा काळ वाट पाहण्यासाठीच राखून ठेवलेला. आणि स्वयंपाकघरही तेच करतंय. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, सणाच्या दोन-तीन दिवस आधी शिजवतात, मग रोज गरम करत व्हिनेगरमध्ये मुरू देतात, कारण केल्या दिवशी ते खावंसं वाटलं तरी त्याला खरी चव आलेली नसते. थंडीतली पुष्कळ रांधणी अशीच आहे, तिला दिवस द्यावे लागतात. बेबिंका मात्र दिवस मागत नाही. तिला एकच दुपार लागते, पण ती अख्खी द्यावी लागते.

आता समोर दोन नारळांचा चव आहे असं समजा. थोडंसं कोमट पाणी घालून तो वाटायचा आणि पातळ फडक्यात बांधून पिळायचा. पहिल्या पिळण्याचा दाट रस तेवढा घ्यायचा, दुसरा उद्याच्या कालवणाला राहू द्या. पिळताना फडकं आधी जड आणि ओलं लागतं, मग मुठीत हळूहळू कोरडं होत जातं. शेवटचे थेंब यायला सर्वांत जास्त जोर लागतो. इथे जरा थांबा. रसाचा वास घ्या. ताज्या नारळाचा वास उग्र नसतो, तो शोधावा लागतो, आणि शोधायला गेलं की नाक आपोआप शांत होतं.

दोन वाट्या रस, त्यात दीड वाटी साखर पुरती विरघळू द्यायची. एक वाटी मैदा. दहा अंड्यांचे फक्त बलक. चिमूटभर मीठ, आणि जायफळ हाताने किसून. सगळं एकजीव करून गाळून घ्यायचं, गुठळी राहता कामा नये. शेजारी वाटीभर पातळ केलेलं तूप. एवढंच सामान. यात भारी किंवा दुर्मीळ असं काहीच नाही, कोकणातल्या कुठल्याही बऱ्या घरात हे सापडेल.

दहा बलकांपाशी एक गोष्ट सांगतात. जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा मठ आहे, १६०६ साली त्याची उभारणी सुरू झाली. तिथल्या जोगिणी अंड्यांतला पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरत, बलक उरत, आणि त्या उरलेल्या बलकांतून बिबियाना नावाच्या एका जोगिणीने ही मिठाई घडवली. सात थर घातले, लिस्बनच्या सात टेकड्यांच्या आठवणीत. गोष्ट म्हणून मला ती फार आवडते. उरलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न जिला पडतो ती बाई कुठल्याही धर्माची, कुठल्याही शतकातली असो, मला ओळखीची वाटते.

आता पहिला थर.

भांडं तापलेलं आहे, तळाला चमचाभर तूप आहे. त्यात एक पळी मिश्रण ओता. तळ जेमतेम झाकेल इतकंच. हात दुसऱ्या पळीकडे जाईल, त्याला मागे घ्या. झाकण ठेवा.

जुन्या घरांत या झाकणावर निखारे असत, नारळाच्या सोडणांचे किंवा करवंट्यांचे. खाली विस्तव अगदी मंद किंवा नाहीच, सगळी धग वरून. आज ओव्हनमध्ये वरची कॉइल लावतात, तत्त्व तेच. यावर थोडा वेळ मन ठेवा. आपलं रोजचं सगळं रांधण खालच्या आगीवर चालतं. तिथे पदार्थ तळातून शिजत वर येतो, आपण ढवळतो, परततो, उलथतो. इथे ढवळायचं काहीच नाही. आग वर आहे आणि ती फक्त सगळ्यांत वरच्या थराशी बोलते आहे. खालचे थर आपापलं काम आटोपून गप्प झालेले, वरचे अजून आलेलेच नाहीत. त्यामुळे बेबिंका भाजताना आपल्यासमोर बेबिंका कधीच नसते. असतो तो एक थर.

दहा-पंधरा मिनिटांनी झाकण उचला, निखाऱ्यांची राख आत सांडणार नाही अशा बेताने. बघा. कडेचा भाग आधी रंगला आहे. मधला अजून फिका आहे आणि भांडं हलवलं की थरथरतो. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येऊन फुटलेत, त्यांच्या जागी खळगे राहिलेत, आणि त्या खळग्यांच्या काठांवर बदामी ठिपके दिसायला लागलेत. अजून झालेलं नाही. झाकण परत ठेवा.

मन या वेळी काय करतं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या थराला ते कौतुकाने बसतं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याच्या सुमाराला हिशेब सुरू होतो: एवढे झाले, एवढे राहिले, म्हणजे चार वाजतील, की पाच? मग ते सुचवतं की पुढचा थर जरा जाड घातला तर? मधला भाग पुरता रंगला नसला तरी कोण बघायला येतंय? या सूचनांना रागावू नका. त्या ऐका, आणि तसं केल्याने काय होतं ते स्वतःला सांगा. जाड थर वरून रंगतो आणि आत पिठूळ राहतो. कच्च्या थरावर पुढचा ओतला तर दोघे एकमेकांत मिसळतात आणि कापल्यावर तिथे एक लिबलिबीत पट्टा दिसतो. मधे तूप द्यायचं विसरलं तर थर एकमेकांना धरून बसतात, सुटे होत नाहीत. बेबिंका कुणाला शिक्षा करत नाही, पण काही लपवतही नाही. घाई नेमकी कुठल्या थराला झाली, हे तिच्या कापावर दिसतं.

पुन्हा झाकण उचला. आता मधला भागही गव्हाळ झाला आहे, बोट टेकवलं तर चिकटत नाही. यावर चमचाभर तूप सोडा. ते कडेपर्यंत पसरतं, तडतडतं, आणि जायफळाचा वास एकदम वर येतो. मग दुसरी पळी. गरम थरावर गार मिश्रण पडतं तेव्हा चर्र असा बारीक आवाज होतो, कान दिला नाही तर ऐकू येत नाही.

झाकण.

सात थर घालायचे, काही घरांत सोळापर्यंत जातात. मी तुम्हाला प्रत्येक थर सांगणार नाही. तिसरा, चौथा, पाचवा तुमचे तुम्ही घाला. मधल्या वेळात मोबाइल उचलू नका एवढंच मागणं आहे. उगाच बसा. खिडकीतून काय दिसतं ते बघा. घरात कुणी असेल तर बोला, पण कान भांड्याकडे ठेवा.

याच दिवसांत याच स्वयंपाकघरात दोदोल होतो, त्याच्याकडेही एकदा वळून बघायला हवं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ, मोठ्या जाड बुडाच्या भांड्यात. दोदोलाला ढवळणं सुटत नाही. मिश्रण दाटत जातं तसा कालथा जड होतो, खांदे भरून येतात, पण हात थांबला की तळाला लागलंच. म्हणून घरातली माणसं पाळीपाळीने ढवळतात. एकाने दुसऱ्याच्या हातात कालथा द्यायचा तोही फिरता. गोळा भांड्याची कड सोडायला लागतो, नारळाचं तेल सुटून वर चकाकतं, तोवर सुटका नाही.

दोन्ही नाताळची गोडं, दोन्हीत नारळाचा रस, दोन्हीला दुपार जाते. पण दोदोलात हात थांबला तर बिघडतं आणि बेबिंकेत हात चालला तर बिघडतं. मला हा फरक वर्षभर पुरतो. आपण धीर धरणं म्हणजे एकच गोष्ट समजतो. आजाऱ्याची उशाशी बसून सेवा करताना, अर्जाच्या निकालाची वाट पाहताना, रुसलेल्या माणसाचा राग उतरायची वाट पाहताना आपण स्वतःला सारखंच बजावतो, धीर धर. त्यातल्या काही ठिकाणी दोदोलाचा धीर लागतो, न थकता करत राहण्याचा. काही ठिकाणी बेबिंकेचा, हात मागे घेऊन बसण्याचा. सध्या तुमच्या आयुष्यात ज्या गोष्टीसाठी थांबावं लागतंय ती मनात आणा. तिला कुठला धीर हवा आहे? उत्तर लगेच आलं नाही तर प्रश्न तसाच राहू द्या आणि पुढचा थर घाला.

नाताळच्याच कुलकुलांना यातलं काही लागत नाही, त्यांना लागतात पुष्कळ हात. कणकेची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, की रेघांचा शिंपला तयार. जेवणानंतर सगळे गोल बसतात, लहान पोरंही, आणि गप्पांत परात भरते. बेबिंका मात्र बहुतेक एकटीच्या वाट्याला येते. ती एकटी कोण असते, हा विचार या रिकाम्या मिनिटांत केल्याशिवाय राहवत नाही. आपण मिठाईच्या नावाचं कौतुक करतो, २०२३ साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा अभिमान बाळगतो, आणि तो बाळगावाच. पण शतकानुशतकं ती टिकली ती दर डिसेंबरला कुणीतरी निखाऱ्यांच्या धगीशी दुपारभर बसत आली म्हणून. त्या बसण्याची नोंद कुठेही नाही.

आज पुष्कळ घरांत बेबिंका विकत येते. त्यात कमीपणा नाही. गोव्यातल्या कितीतरी बायका नाताळच्या ऑर्डरी घेऊन घरीच भाजतात, त्यांचा डिसेंबर या कमाईवर उभा असतो, तेव्हा त्यांच्याकडून जरूर घ्या. आणि जे दूर आहेत, आखातात किंवा इंग्लंडातल्या स्विंडनसारख्या गावात, जिथे गोव्याची माणसं मोठ्या संख्येने राहायला गेली, ते डब्यातला नारळाचा रस घेऊन ओव्हनच्या ग्रिलखाली थर लावतात. बाहेर चार वाजता अंधार पडतो, सोडणांचा धूर नसतो. पण थरामागून थर तिथेही तेवढाच वेळ घेतात. घड्याळ तिथलं असो की मडगावचं, कच्चा थर कच्चाच.

शेवटचा थर आला. हा सगळ्यांत गडद होऊ द्या. वर तूप सोडा आणि आग काढून घ्या.

आता सर्वांत अवघड भाग आहे, कारण करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. बेबिंका गरम असताना कापली तर थर घसरतात. ती रात्रभर निवू द्यायची. घरात वास भरलेला आहे, पोरं दहा वेळा विचारून गेली आहेत, आणि तुम्ही झाकण ठेवून दिवा घालवता. आज काहीही दिसणार नाही, हे मान्य करून झोपायला जा.

सकाळी भांडं ताटावर उपडं करा. जो थर सगळ्यांत आधी घातला तो आता सगळ्यांत वर आला आहे. धारदार सुरी घ्या, काप पातळ काढा, आणि पहिला काप आडवा धरून उजेडात बघा. गडद रेघ, फिका पट्टा, गडद रेघ, फिका पट्टा. कालची दुपार इथे उभी आहे, प्रत्येक वेळी झाकण ठेवून तुम्ही मागे सरकलात त्याची एकेक रेघ. एखादा थर थोडा जाड असेल, एखादी रेघ जरा करपट. तीही बघा. कुठला फोन वाजला होता तेव्हा, कोण दारात आलं होतं, हे आठवेल.

मग एक छोटा तुकडा खा. उभ्याने नको, बसून. आधी तूप लागतं, मग नारळ, जायफळ अगदी शेवटी येतं. थर दातांखाली एकेक करून सुटतात. दुसरा तुकडा लगेच उचलू नका.

आता ताटं भरायची. बेबिंकेचे काप, दोदोलाच्या वड्या, नेवऱ्या, मूठभर कुलकुलं, वर विणलेला रुमाल. गोव्यात ही ताटं शेजारी जातात, हिंदूंच्या घरीही, जिथून चतुर्थीला नेवऱ्यांचं ताट आलेलं असतं. पण वाटायला निघण्याआधी एका गोष्टीवर मन न्या. आळीत एखादं घर असेल, जिथे या वर्षी कुणी गेलं आहे. तिथे यंदा गोड झालेलं नाही. आपल्याकडे दिवाळीला अशा घरी जसा शेजाऱ्यांकडून फराळ जातो, तसंच हे. पहिलं ताट तिकडे न्या. निवांत कापलेले, मधले, चांगले काप त्यात ठेवा, कडेचे तुटलेले घरी खायला राहू देत.

तिथे गेल्यावर ताट देऊन लगेच फिरू नका. बसा. गेलेल्या माणसाच्या हातची बेबिंका कशी असायची, हे त्यांना सांगायचं असेल. किती थर घालायची, जायफळ जास्त की वेलची, कुणाला भांड्याजवळ फिरकू द्यायची नाही. ऐका. मधे बोलू नका, समजूत घालू नका, एक सांगून झालं की दुसरं येऊ द्या. बाकीची ताटं दुपारनंतर पोचवली तरी चालतात.