खाडाखोड

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की समजली आहे : चूक करायला फारशी हरकत नसते, पण ती खोडायची नसते. एकाचे पाच हजार दुसऱ्याच्या खात्यात गेले, तर ती नोंद पुसता येत नाही. उलटी नोंद करावी लागते. पैसे परत जातात, पण आपला गाढवपणा दोन ओळींत कायमचा नोंदला जातो आणि ऑडिटर नेमकं त्याच्यावर बोट ठेवून चहा मागवतो. पूर्वी चेकवर निदान खोडून शेजारी सही करता यायची. छायाचित्र पाठवून वटणाऱ्या चेकांवर रिझर्व्ह बँकेनं 2010 च्या डिसेंबरपासून तेही बंद केलं. तारखेपुरती काय ती मुभा. बाकी चुकलात, की नवा चेक फाडा.

अशा माणसावर फोटोतून एक माणूस खोडायची पाळी आली. माणूस म्हणजे आमचा सख्खा काका.

त्याचं असं झालं. आईची पंच्याहत्तरी आली. त्या दिवशी आजोबांच्या साठीशांतीचा 1984 चा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा, असं ठरलं. वाईच्या वाड्याच्या पायरीवर सगळं घर ओळीनं उभं आहे. त्या काळच्या रंगीत फोटोंचं व्हायचं ते झालंय, सगळ्यांना कावीळ होऊन वर गोवर उठल्यासारखं दिसतं. ते रंग दुरुस्त करायचे, एवढंच माझं काम. पण दादानं हळूच पुस्ती जोडली, "आणि हे बघ, काकाला काढ त्यातनं."

दादाचं चुकत होतं, असं मला म्हणता येईना. 1999 साली वाड्याच्या वाटणीवरून बाबांचं नि काकाचं फाटलं. 2011 साली बाबा गेले, तेव्हा काका आला नाही. दहाव्यालाही नाही, तेराव्यालाही नाही. अशा माणसानं आईच्या पंच्याहत्तरीला भिंतीवरून हसत का बघावं?

आता माणूस काढायचा तर घरातला कॉम्प्युटर चालेना. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यात फोटो उघडेपर्यंत आजीची शंभरी येईल." म्हणून एका रविवारी आम्ही बापलेक दुकानात गेलो.

दुकानातला मुलगा विशीचा. "बोला काका, काय दाखवू?" म्हणाला. ज्या कामासाठी आलो होतो, ते पाहता त्यानं मला दुसरं काहीही म्हटलेलं चाललं असतं.

त्यानं आधी एक काचेचं खोकं पुढं ठेवलं. आत तांबडे, हिरवे, निळे दिवे पळत होते. गणेशोत्सवाच्या मंडळाला शोभलं असतं. मी म्हणालो, "मला आरास नको, फोटो दुरुस्त करायचेत." मग त्यानं इंग्रजी आद्याक्षरांचा भडिमार केला. पण मी बी. कॉम. आहे. मला शब्द कळले नाहीत तरी गुणाकार कळतो. सहा इंच बाय आठ इंचांचा फोटो. इंचाला 600 ठिपके धरून स्कॅन केला, तर 3600 गुणिले 4800, म्हणजे 1 कोटी 72 लाख 80 हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. रंगात बारकावा हवा तर प्रत्येक आकड्याला दोन बाइट. एकूण 10 कोटी 36 लाख 80 हजार बाइट. हा झाला एक थर. दुरुस्ती करताना असे दहा-पंधरा थर एकावर एक चढतात आणि ते सगळे त्या यंत्राला एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात. त्यासाठी रॅम. आठ जीबीत ओढाताण, सोळात बरं चालतं. मी सोळा घेतली. साठवणाला एस.एस.डी. घेतली, कारण ती जुन्या फिरत्या डिस्कपेक्षा कितीतरी चपळ.

अडलं ते ग्राफिक्स कार्डावर. मुलगा म्हणाला, "साध्या रंगदुरुस्तीला नसलं तरी चालतं काका. पण माणूस वगैरे आपोआप काढायची नवी टूल्स आहेत ना, त्यातली काही त्याच्यावर झपाझप चालतात. वीसेक हजार जास्त पडतील."

म्हणजे नात्यांचा भावही शेवटी दुकानातच कळायचा. सगळं कुटुंब उजळून काढायचं तर कमी पैसे, आणि एकच माणूस कमी करायचा तर वीस हजार जास्त. व्यापारशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मी हा हिशेब वाचलेला नव्हता. चिरंजिवांना खेळ खेळायला ते कार्ड हवंच होतं. घेतलं.

मॉनिटरपाशी मात्र खरी पंचाईत झाली. एकाच फोटोतली आईची साडी एका पडद्यावर तपकिरी, दुसऱ्यावर डाळिंबी. तिसऱ्यावर तर मान थोडी तिरपी केली की रंग बदलायचा. मुलगा म्हणाला, "हा आय.पी.एस. घ्या, बाजूनं बघितलं तरी रंग हलत नाही. एकदम खरे रंग." मी घरी फोन करून आईला विचारलं. ती म्हणाली, "जांभळी होती रे. तुझ्या बाबांनी आणलेली." कुठल्याच पडद्यावर ती जांभळी नव्हती. आता खरं काय? फोटो, पडदा की आई? बँकेत मी पासबुकावर विश्वास ठेवतो, खातेदाराच्या आठवणीवर नाही. इथं मी साडी जांभळी करायचं ठरवलं आणि मनाला काहीही लागलं नाही. काकाचं मात्र लागत होतं. दोन्ही बदलच. मग एक दुरुस्ती आणि दुसरी खाडाखोड, असं कशावरून?

मनाला समजावायला मी उदाहरणं शोधू लागलो. फोटोग्राफर लोक काही सोवळ्यातले नव्हेत. स्टुडिओत आपल्याला त्यांचाच कोट घालून, त्यांच्याच रंगवलेल्या ताजमहालापुढं उभं करायचे आणि घरी जाऊन निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे वण बुजवायचे. फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं, पण 1982 च्या फेब्रुवारीतच नॅशनल जिओग्राफिकनं मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर जवळ सरकवले होते. पिरॅमिड सरकू शकतो, तर काकाचं काय! पण मग स्टालिन आठवला. कालव्याच्या काठी त्याच्या शेजारी उभा असलेला येझोव्ह 1940 मध्ये गोळ्या घालून संपवला गेला आणि त्या फोटोतही त्याच्या जागी पाणी आलं. हे उदाहरण मी दादाला सांगितलं नाही. तो माझा थोरला भाऊ आहे.

शनिवारी रात्री बसलो. सॉफ्टवेअरात एक सोय चांगली आहे : मूळ फोटोला हात न लावता बदल वरच्या थरावर करता येतात. म्हणजे खाली काका शाबूत, वर भिंत. ही आमच्या उलट्या नोंदीसारखीच गोष्ट. ऑडिटरलाही आवडली असती. धीर आला. काकाभोवती रेघ ओढली, बटण दाबलं. वीस हजारांचं कार्ड घुर्र झालं आणि काका गेला. त्याच्या जागी वाड्याची भिंत आली, खुंटीसकट.

आणि मी हवेत.

दीड वर्षाचा मी त्या फोटोत काकाच्या कडेवर होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आजवर त्या फोटोत मी स्वतःकडेच बघत आलो होतो. खाली कोण आहे, हे कशाला बघतोय! आता कमरेला काकाची चार बोटं तेवढी उरली होती आणि त्यांच्या आधारानं मी भिंतीपाशी लोंबकळत हसत होतो. बोटंही पुसून पाहिली, तर यंत्रानं मला खुंटीला टांगलं. आणखी एक बटण दाबलं, तेव्हा त्यानं कुठल्यातरी परक्या गृहस्थाचा हात आणून दिला. हातात महागडं घड्याळ.

सकाळी दादाला बोलावलं. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हात राहू दे तेवढा."

धनी न सापडलेली रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो, तसा तो हात. पण त्याचा धनी चांगला माहीत होता आणि आठ कोसांवर राहत होता.

एवढ्यात आई चहा घेऊन आली. चष्मा सावरून तिनं पडदा पाहिला. साडीबद्दल काहीच बोलली नाही. "भावजी कुठं गेले?" म्हणाली.

आम्ही दोघंही गप्प.

"याची एक प्रत त्यांच्याकडेही आहे," आई कप ठेवत म्हणाली. "पंच्याहत्तरीचं बोलावणं करायला जाल, तेव्हा बघून या. त्यात तुमचे बाबा आहेत का ते."

दादानं चहा तसाच ठेवला आणि मला विचारलं, "वाईची पहिली गाडी किती वाजता आहे रे?"