विसार देण्याआधी

गुंठ्याला जो भाव सांगितला आहे, तो मंजूर एन.ए. प्लॉटच्या निम्म्याहून कमी आहे. हा फरक कशाचा, ते मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तो प्लॉट मला हवासा वाटतो. विसार देण्याआधी मनाशी एकदा नीट बोलून घ्यायला हवं.

व्यवहार असा. पुण्याबाहेरची बागायती जमीन आहे. 2023 पासून बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 10 गुंठे आहे, त्याहून लहान तुकडा तुकडेबंदी कायद्यात बसत नाही. म्हणून आम्ही दहा जणांनी मिळून 11 गुंठे घ्यायचे, एकच खरेदीखत करायचं आणि सातबाऱ्यावर दहाही नावं सामाईक लावायची. प्रत्येकाला एक गुंठा, उरलेला रस्त्याला. फक्की मारून आखलेले माझे 1,089 चौरस फूट सरकारी कागदावर कुठेच नसतील. माझी हद्द बाकी नऊ जणांच्या शब्दावर. एन.ए. नाही, मंजूर रेखांकन नाही. एजंट यातलं काही लपवत नाही. “ताई, सगळीकडे असंच चालतं. पुढे गुंठेवारीत नियमित होऊन जाईल,” असं शांतपणे सांगतो.

त्याचं बोलणं अगदीच निराधार नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतचे प्लॉट नियमित करून घ्यायची वाट उघडली, आणि 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे नेली. एकदा सरकलेली तारीख पुन्हा सरकेल, असा हा हिशेब आहे.

मी स्वतःला विचारलं, हा प्लॉट नक्की नियमित होणार अशी कुणी लेखी हमी दिली, तर घेशील? उत्तर लगेच आलं. हो. त्या उत्तराने मी हादरले. आतून जे ‘नको, नको’ म्हणत होतं, त्याला मी विवेक समजत होते. त्यातली बरीचशी पैसे बुडण्याची भीती होती.

मग भीती बाजूला ठेवून विचार केला. छत्रपती संभाजीनगर, सांगली, पिंपरी-चिंचवड इथे कितीतरी कुटुंबांनी गुंठा-दीड गुंठा घेऊन घरं बांधली, कारण कायदेशीर घराची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. नियमित करण्याची सवलत अशांसाठी असेल, तर ती योग्यच आहे. पण मला डोक्यावर छप्पर आहे, स्वतःच्या नावाचा फ्लॅट आहे. हा गुंठा मला ‘पुढेमागे भाव येईल’ म्हणून हवा आहे. गरजूसाठी ठेवलेल्या दारातून मी शिरणार, आणि माझ्यासारख्या प्रत्येकामुळे त्या जमिनीचा भाव गरजूच्या हातातून आणखी निसटणार.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मला येते, कारण वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा गावच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर माझंही नाव लागलं. शेत भाऊ कसतो. शेतजमीन शेतकऱ्याच्या हातात राहावी म्हणून केलेल्या या तरतुदीचा आधार घेऊन मी एक चांगलं बागायती रान कायमचं मोडायला हातभार लावणार. वडिलांना हे समोर बसून सांगता आलं असतं का, हा विचार मी दोनदा टाळला. सांगता आलं नसतं.

आणि स्वस्ताई आली कुठून? मोठ्या जमिनीच्या मंजूर रेखांकनात 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, रस्त्याची रुंदी ठरलेली असते, पाण्याच्या निचऱ्याचा विचार करावा लागतो. इथे तेच वगळलं आहे. दहा घरांना एका गुंठ्याचा रस्ता, त्यात अग्निशमनाची गाडी वळणार नाही. वरच्या अंगाला पावसाळी ओघळ होती, ती मुरूम टाकून बुजवली आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याने पुण्यात काय केलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. अरुंद झालेल्या पात्रातलं पाणी वस्त्यांत शिरलं, माणसं गेली. इथली ओघळ बुजवल्यावर ते पाणी खालच्या वस्तीत जाईल. त्या वस्तीतलं कुणी या व्यवहाराचा जाब विचारायला येणार नाही, आणि माझ्या खरेदीखतावर त्यांच्या नुकसानीचा रकाना नसेल.

एवढं कळूनही प्लॉटची ओढ पूर्ण गेलेली नाही, हेही खरं आहे. मुलीच्या नावावर काहीतरी असावं, ही इच्छा काही वाईट नाही. तिच्यासाठी वेगळी वाट शोधावी लागेल, आणि ती महाग पडेल.

एजंटला नकार कळवायचा आहे. दहा जणांत माझ्या दिरांचंही नाव आहे, त्यामुळे घरातही बोलावं लागेल. ‘पैशांची जुळवाजुळव झाली नाही’ म्हटलं की कुणी दुखावणार नाही, प्रश्नही संपेल. पण पैसे बँकेत आहेत. खरं कारण सांगितलं तर दिरांना तो त्यांच्यावर ठेवलेला ठपका वाटेल, आणि काही प्रमाणात तो ठपका असेलही. तरी ते सांगायचं ठरवलं आहे. आधी दिरांना, समोरासमोर, आणि ओघळीचा मुद्दा सर्वांत आधी मांडून.